टू-वे स्पीकरचा मिडवूफर: निवड वरच्या टोकापासून

घरी टू-वे स्पीकर बनवायला घेतला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: साडेसहा इंची घेऊ की आठ इंची, आणि किती वॅटचा? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची पाळी नंतरची. टू-वेमध्ये, म्हणजे दोन ड्रायव्हरच्या स्पीकरमध्ये, मिडवूफर हा मोठा ड्रायव्हर दोन नोकऱ्या करतो. खाली ४०-५० हर्ट्झपर्यंत हवा ढकलायची, आणि वर २ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज ट्वीटरच्या, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या ड्रायव्हरच्या, हाती नीट सोपवायचा. खालची नोकरी कमी पडली तर खोका बदलता येतो, पोर्ट, म्हणजे खोक्यातली हवा बाहेर सोडणारी नळी, लावता येतो, वर्षभराने सबवूफर जोडता येतो. वरची नोकरी न जमणाऱ्या ड्रायव्हरला मात्र क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे आवाज दोघांत वाटणाऱ्या सर्किटमध्ये, कितीही कॉइल-कपॅसिटर घातले तरी गाणाऱ्याचा आवाज खोक्यातून आल्यासारखाच वाटतो. म्हणून इथे निवड वरून खाली केली आहे.

पैसे मोजण्याआधी

एका कागदावर चार गोष्टी लिहा. खोली केवढी, स्पीकर भिंतीपासून किती लांब राहणार, जास्तीत जास्त केवढा खोका घरात चालेल, आणि अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमवर निर्धास्त चालतो की नाही. दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये टीव्ही युनिटच्या दोन बाजूंना, भिंतीपासून वीतभर अंतरावर स्पीकर ठेवायचे असतील तर निम्मे निर्णय तिथेच होतात. खोका २० लिटरच्या वर जाणार नाही, पोर्ट समोर घ्यावा लागेल, आणि मागची भिंत बासला हातभार लावणार असल्यामुळे फार खाली उतरणारा ड्रायव्हर उलट घुमेल.

पाचवी गोष्ट ट्वीटर. मिडवूफर आधी विकत घेऊन मग त्याला ट्वीटर शोधणं म्हणजे घोड्याआधी गाडी. नेहमीच्या २५ मिलिमीटर डोम ट्वीटरची अनुनाद वारंवारता, म्हणजे एफएस, ६०० ते १००० हर्ट्झच्या दरम्यान असते. दर सप्तकाला २४ डेसिबल उतार देणार असाल तर क्रॉसओव्हरची वारंवारता त्याच्या किमान दुप्पट वर ठेवावी, १२ डेसिबलच्या उतारात अडीच-तीन पट. एफएस ७०० असलेला ट्वीटर म्हणजे १.८ ते २.२ किलोहर्ट्झ जमेल. १००० चा ट्वीटर म्हणजे २.५ च्या खाली नको. मिडवूफरला कुठवर चढायचं आहे हे या आकड्यावरून ठरतं.

आकार: इंच नव्हे, एसडी

फ्रेमचा व्यास फसवा असतो. कामाचा आकडा म्हणजे एसडी, कोनचं हवा ढकलणारं क्षेत्रफळ. यात कोन आणि सराउंडची (कोनभोवतीच्या लवचीक कडेची) साधारण अर्धी रुंदी धरतात. नेहमीच्या साडेसहा इंचीचा एसडी १२० ते १३५ चौरस सेंटिमीटर, पाच इंचीचा ८० ते ९५, आठ इंचीचा २०० ते २२०.

वारंवारता वाढते तशी तरंगलांबी कोनच्या आकाराच्या जवळ येते आणि आवाज बॅटरीच्या झोतासारखा समोर गोळा होऊ लागतो. समोर बसलेल्याला सगळं ऐकू येतं, बाजूला बसलेल्याला व्यंजनं हरवलेली वाटतात. हे कुठे सुरू होतं याचा सोपा हिशेब आहे. एसडीवरून त्रिज्या काढा: १२० चौरस सेंटिमीटरला ६.२ सेंटिमीटर. ११,००० ला या त्रिज्येने भागा, म्हणजे सुमारे १,७७० हर्ट्झ. इथून झोत जाणवण्याइतका अरुंद व्हायला लागतो. याच्या दीडपट, म्हणजे २,६५० हर्ट्झला, ४५ अंश बाजूला आवाज साधारण ५ डेसिबल पडलेला असतो. साडेसहा इंचीचा क्रॉसओव्हर या दोन आकड्यांच्या दरम्यान कुठेतरी असावा, आणि जितका खालच्या आकड्याकडे तितकं बरं.

हाच हिशेब पाच इंचीला २,१०० हर्ट्झ देतो, आठ इंचीला १,३०० च्या आसपास. आठ इंची टू-वे अवघड होतो तो इथे: १.३ ते १.९ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात काम घ्यायला साधा डोम ट्वीटर धजत नाही, वेव्हगाइडमध्ये, म्हणजे आवाजाला दिशा देणाऱ्या उथळ भोंग्यात, बसवलेला किंवा मोठा ट्वीटर लागतो. पहिलाच स्पीकर असेल तर आठ इंचीचा मोह टाळा. पाच इंची वरून सुरेख असतो, पण खाली दम कमी, हे पुढच्या आकड्यांत दिसेल. साडेसहा इंची ही तडजोड आहे आणि पन्नासहून जास्त वर्षं टिकलेली तडजोड आहे.

मिडवूफर आणि ट्वीटरच्या केंद्रांतलं अंतरही इथेच तपासा. ते क्रॉसओव्हरच्या एका तरंगलांबीपेक्षा जास्त नसावं. २,२०० हर्ट्झला ती १५.६ सेंटिमीटर. १७ सेंटिमीटर फ्रेमचा मिडवूफर आणि १०.४ सेंटिमीटर प्लेटचा ट्वीटर एकमेकांना खेटून लावले तर अंतर १३.७ होतं, म्हणजे मधे दीड-दोन सेंटिमीटर जागा आहे. शोभेसाठी त्याहून लांब सरकवले की उभं राहिल्यावर एक आवाज आणि बसल्यावर दुसरा.

डेटाशीटचा आलेख कसा वाचायचा

डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, कोणत्या वारंवारतेला किती आवाज याचा आलेख असतो. पहिली नजर रेषेवर नको, उभ्या अक्षावर टाका. एकाच ड्रायव्हरचा आलेख १०० डेसिबलच्या उंचीत काढला तर गुळगुळीत पठार दिसतं, ४० डेसिबलच्या उंचीत काढला तर सह्याद्री. दोन कंपन्यांचे आलेख शेजारी ठेवून तुलना करण्याआधी मोजपट्टी सारखी आहे का ते बघा. हे मोजमाप बहुधा मोठ्या सपाट फळीवर घेतलेलं असतं, त्यामुळे तुमच्या अरुंद खोक्यात ३०० हर्ट्झच्या खाली तसा आवाज मिळणार नाही.

मग तीन जागा तपासा.

एक, ७०० ते १,५०० हर्ट्झ. इथे अनेक ड्रायव्हरमध्ये छोटा खड्डा आणि त्याला लागून उंचवटा दिसतो. कोनच्या कडेवरून परतलेली लाट सराउंड पुरती शोषत नाही तेव्हा हे होतं. त्याच वारंवारतेला इम्पिडन्सच्या (वारंवारतेनुसार बदलणाऱ्या रोधाच्या) रेषेतही बारीक सुरकुती असेल तर शंका पक्की समजा. दोन डेसिबलपर्यंत चालतं. चार-पाच डेसिबलचा खड्डा हा गळ्याच्या ऐन पट्ट्यात आहे, तो क्रॉसओव्हरने भरून निघत नाही, सोडून द्या.

दोन, ३० आणि ६० अंशांच्या रेषा. तुमच्या क्रॉसओव्हरपर्यंत ३० अंशांची रेषा समोरच्या रेषेला साधारण धरून चालली पाहिजे आणि ६० अंशांची रेषा हळूहळू, न अडखळता उतरली पाहिजे. ज्या डेटाशीटमध्ये फक्त समोरची रेषा आहे तिथे अर्धी माहिती लपलेली आहे.

तीन, आणि सगळ्यात महत्त्वाची, कोन फुटण्याची जागा. ठरावीक वारंवारतेच्या वर कोन एकसंध पुढे-मागे होत नाही, त्याचे भाग वेगवेगळे थरथरतात. कागद आणि पॉलिप्रॉपिलीन इथे सौम्यपणे ढेपाळतात. आलेखात ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये दोन-चार डेसिबलच्या उंचसखल टेकड्या दिसतात. अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम यांसारखे कडक कोन बराच वेळ सरळ चालतात आणि मग घंटेसारखे वाजतात. साडेसहा इंचीत ५ ते ८ किलोहर्ट्झच्या दरम्यान कधीकधी १० डेसिबल किंवा त्याहून उंच सुळका असतो. डेटन ऑडिओचे आरएस१८०-८ आणि आरएस१८०पी-८ यांचे आलेख शेजारी ठेवून बघा. एकाच मालिकेतले दोन ड्रायव्हर, पहिला अ‍ॅल्युमिनियमचा, दुसरा कागदाचा. फरक डोळ्यांनीच कळतो.

सुळका असलेला ड्रायव्हर वाईट नसतो, पण त्याची किंमत क्रॉसओव्हरमध्ये भरावी लागते. ६ किलोहर्ट्झला १० डेसिबलचा सुळका धरा आणि क्रॉसओव्हर २ किलोहर्ट्झला. दोन्हींमध्ये दीड सप्तकाहून थोडं जास्त अंतर आहे. १२ डेसिबलच्या उतारात सुळका १९ डेसिबल खाली दाबला जातो, पण तो मुळात १० वर होता, म्हणजे बाकीच्या आवाजापेक्षा फक्त ९ डेसिबल खाली. तो व्हायोलिनवर आणि टाळ्यांवर स्पष्ट ऐकू येतो. २४ डेसिबलच्या उतारात तोच २८ खाली जातो, शिवाय तेवढाच सुळका कापणारं एक नॉच सर्किट घातलं की सुटका.

यात आणखी एक पाचर आहे, जी आलेखात दिसत नाही. ड्रायव्हरच्या मोटरमध्ये, म्हणजे कॉइल आणि मॅग्नेटच्या जोडीत, तिसऱ्या पटीचं विरूपण नेहमी थोडं तयार होतं. २ किलोहर्ट्झचा सूर वाजला की त्याचा ६ किलोहर्ट्झचा अंश तयार होतो, आणि नेमका तिथेच कोनचा सुळका त्याला मोठा करतो. म्हणजे सुळक्याच्या एक तृतीयांश वारंवारतेला विरूपण वाढतं, आणि ती वारंवारता क्रॉसओव्हरच्या खाली, चालू पट्ट्यात असते. म्हणून सूत्र: कडक कोन घेतला तर सुळक्याची वारंवारता भागिले तीन, क्रॉसओव्हर त्याच्या वर नेऊ नका. ५ किलोहर्ट्झला फुटणारा अ‍ॅल्युमिनियम कोन म्हणजे १,६७० हर्ट्झ, आणि मग ट्वीटरच तेवढा खाली येत नाही. असा ड्रायव्हर थ्री-वेमध्ये शोभतो. तो घ्यायचाच असेल तर नॉच ड्रायव्हरला समांतर न लावता त्याच्या वाटेत, म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर एकमेकांना समांतर आणि दोन्ही मिळून ड्रायव्हरच्या सिरीजमध्ये, असा लावा. तो त्या वारंवारतेला प्रवाह अडवतो, त्यामुळे मोटरमधून उपजलेलं विरूपणही कमी होतं.

पहिल्या स्पीकरसाठी आमचं मत स्पष्ट आहे: लेप दिलेला कागदी किंवा कागदमिश्रित कोन, रबरी सराउंड. तो चुका माफ करतो.

सराउंडबद्दल एक इशारा. फोमचा सराउंड हलका आणि मोजमापात छान असतो, पण दमट हवेत काही वर्षांत त्याचा भुगा होतो. मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी रबरच घ्यावा.

एलई आणि मोटर

व्हॉइस कॉइलचा, म्हणजे कोनला जोडलेल्या तारेच्या वेटोळ्याचा, इंडक्टन्स, एलई, साडेसहा इंची ८ ओहम ड्रायव्हरमध्ये ०.३ ते ०.६ मिलिहेन्री असेल तर बरं. ०.९-१ च्या वर गेला की ड्रायव्हर वरच्या टोकाला आपणहून झुकतो आणि इम्पिडन्स चढत जातो. इंटरनेटवरच्या क्रॉसओव्हर कॅल्क्युलेटरमध्ये "८ ओहम" टाकून काढलेले आकडे चुकतात याचं एक मोठं कारण हेच. चढ सपाट करायला झोबेल सर्किट लावतात: डीसी रोध, म्हणजे आरई, याच्या सव्वापट रेझिस्टर, आणि एलई भागिले रेझिस्टरचा वर्ग इतका कपॅसिटर. आरई ५.८ ओहम आणि एलई ०.५ मिलिहेन्री असेल तर साधारण ७.२ ओहम आणि १० मायक्रोफॅरड.

डेटाशीटमध्ये पोल पीसवर (कॉइलच्या आतल्या लोखंडी खांबावर) तांब्याची टोपी किंवा अ‍ॅल्युमिनियमची रिंग असल्याचा उल्लेख असेल तर त्यासाठी थोडे जास्त पैसे देणं योग्य आहे. कॉइल पुढे-मागे होताना तिचा इंडक्टन्स बदलतो. तो बदल ही रिंग दाबून टाकते. बास वाजत असताना गायकाचा आवाज गढूळ होतो की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

आता खालचं टोक

नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जे गणित मांडलं त्यावर आजही सगळे खोके काढले जातात. तीन आकडे पुरतात: एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस. एफएस म्हणजे मोकळ्या हवेतला अनुनाद. क्यूटीएस म्हणजे त्या अनुनादाला लगाम किती घट्ट. व्हीएएस म्हणजे कोनला धरून ठेवणाऱ्या सस्पेन्शनइतकीच लवचीक हवा किती लिटर.

नमुन्याला एक ड्रायव्हर धरू: एफएस ३८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.३८, क्यूईएस (क्यूटीएसचा विद्युत भाग) ०.४२, व्हीएएस २६ लिटर, आरई ५.८ ओहम, एसडी १२० चौरस सेंटिमीटर, एक्समॅक्स, म्हणजे कोन एका दिशेला नीट हलू शकतो ती मर्यादा, ५.५ मिलिमीटर. चांगल्या साडेसहा इंचीचं हे रोजचं रूप आहे.

पहिली चाळणी: एफएस भागिले क्यूईएस. इथे ते ९० येतं. ५० च्या आसपास आलं तर बंद खोका, ९०-१०० ला पोर्टेड, मधलं दोन्हीकडे.

बंद खोक्यासाठी ०.७०७ हे अंतिम क्यू, म्हणजे खोक्यात बसवल्यावरचा क्यूटीएस, धरा. ०.७०७ भागिले क्यूटीएस, त्याचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा. आपल्या नमुन्यात २.४६. व्हीएएसला त्याने भागा: साडेदहा लिटर. खोक्यातला अनुनाद ७१ हर्ट्झला जातो, आणि तिथे आवाज ३ डेसिबल खाली. छोटा, नेटका खोका, पण बास भिंतीच्या जोरावरच. सबवूफर जोडणार असाल तर हाच उत्तम.

पोर्टेडमध्ये याच ड्रायव्हरला सुमारे २० लिटर आणि ३९ हर्ट्झ ट्यूनिंग (पोर्टचा अनुनाद) बसतं, आणि आवाज साधारण ४० हर्ट्झपर्यंत टिकतो. हे पुरेसं आहे का? काळी एकला लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झला असतो, बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ ला. त्याखाली मुख्यतः सिनेमातले स्फोट, ऑर्गन आणि सिंथेसायझर.

२० लिटर हे निव्वळ माप आहे. आतून १८ बाय २६ बाय ४६ सेंटिमीटर घेतलं तर साडेएकवीस लिटर होतात. त्यातून पोर्ट, ड्रायव्हरचा मागचा भाग आणि आधाराची पट्टी मिळून दीड लिटर वजा. पोर्टसाठी ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, आतला व्यास ५८ च्या आसपास, लांबी सुमारे २२ सेंटिमीटर. आतला व्यास ५० चा पाइप घेतला तर १५-१६ सेंटिमीटरमध्ये भागतं, पण मोठ्या आवाजात फुसफुसतो. ७० चा घेतला तर ३३ सेंटिमीटर लागतात आणि २६ सेंटिमीटर खोल खोक्यात तो कोपर लावून वळवावा लागतो. पाइप दोन-तीन सेंटिमीटर लांबच कापा. कमी करता येतो, वाढवता येत नाही.

क्यूटीएस ०.३ च्या खाली असेल तर पोर्टेड खोका लहान होतो पण बास लवकर उतरतो. ०.५ च्या वर असेल तर पोर्टचा नाद सोडा, २० लिटरमध्ये तो एकाच सुरावर बोंबलेल.

दम: एक्समॅक्स गुणिले एसडी

वॅटचा आकडा कॉइल कधी जळेल ते सांगतो. बासमध्ये ड्रायव्हर त्याच्या कितीतरी आधी हलण्याच्या मर्यादेला पोचतो. नमुन्यातला ड्रायव्हर बंद खोक्यात ५० हर्ट्झला, १ मीटरवर, मागे फक्त फळीचा आधार धरून, साडेपाच मिलिमीटर हलून सुमारे ९३ डेसिबल देतो. पाच इंचीचा एसडी ८५ आणि एक्समॅक्स ४ असेल तर ८७. आठ इंचीचा २१५ आणि ६ असेल तर ९८-९९. वारंवारता निम्मी केली की तेवढ्याच आवाजाला चौपट हालचाल लागते, त्यामुळे २५ हर्ट्झची स्वप्नं साडेसहा इंचीत पाहू नयेत.

पोर्ट ट्यूनिंगच्या जवळ ड्रायव्हरला विश्रांती देतो, कारण तिथे बहुतेक हवा पोर्ट हलवतो. पण ट्यूनिंगच्या खाली ड्रायव्हर निराधार होतो आणि कोन वेडावाकडा धावतो. सिनेमे बघणार असाल तर ३० हर्ट्झला हाय-पास, म्हणजे त्याखालचे सूर अडवणारा, फिल्टर लावा.

एक्समॅक्सचे आकडे प्रत्येक कंपनी वेगळ्या पद्धतीने काढते. काही जण कॉइलची उंची आणि गॅपची (कॉइल ज्यात हलते त्या मॅग्नेटच्या फटीची) उंची यांच्या फरकाचा निम्मा भाग देतात, काही त्यात गॅपचा तिसरा हिस्सा मिळवतात, काही प्रत्यक्ष विरूपण मोजतात. "११ मिलिमीटर पीक टू पीक" आणि "५.५ मिलिमीटर" हे एकच आहेत, तेवढं तरी बघून घ्या.

सेन्सिटिव्हिटी आणि फळीची रुंदी

नमुन्यातल्या ड्रायव्हरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ मीटरवरचा आवाज, २.८३ व्होल्टला (८ ओहमला १ वॅट) साधारण ८८.५ डेसिबल येते. तयार स्पीकरची तेवढी येत नाही. समोरची फळी २१.६ सेंटिमीटर रुंद असेल तर ५३० हर्ट्झच्या आसपास आवाज मागेही वळू लागतो आणि त्याखाली हळूहळू ६ डेसिबलपर्यंत घट होते. (११५ ला फळीच्या मीटरमधल्या रुंदीने भागा, ही वारंवारता मिळते.) भिंत थोडं परत करते, म्हणून ३ ते ५ डेसिबलची भरपाई क्रॉसओव्हरमध्ये करतात, आणि ती वरचा आवाज खाली आणूनच करता येते. ८८.५ चा ड्रायव्हर म्हणजे ८४-८५ चा स्पीकर. ही भरपाई विसरलेले घरगुती स्पीकर पहिल्या दहा मिनिटांत "क्लिअर" वाटतात आणि तासाभरात कान थकवतात.

म्हणून ट्वीटर मिडवूफरपेक्षा दोन-चार डेसिबल जास्त सेन्सिटिव्ह असावा. त्याला रेझिस्टरने खाली आणता येतं. उलट असेल तर मार्ग नाही. ४ ओहमच्या ड्रायव्हरचा २.८३ व्होल्टचा आकडा फुगलेला दिसतो, कारण त्याला तेव्हा १ ऐवजी २ वॅट मिळतात. ८ ओहमशी तुलना करताना त्यातून ३ वजा करा. ८५ डेसिबलच्या स्पीकरला २० वॅट दिले की १ मीटरवर ९८ डेसिबल होतात. फ्लॅटमध्ये शेजारी त्याआधीच बेल वाजवतात.

बाजारात काय मिळतं

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत "साडेसहा इंची वूफर" मागितला की तीन जातींचे डबे समोर येतात. पहिली पीएची, म्हणजे सभा-समारंभाच्या लाउडस्पीकरची: कापडी घडीचा सराउंड, ९३-९५ डेसिबल, पण एफएस ६०-७० हर्ट्झ आणि एक्समॅक्स जेमतेम २-३ मिलिमीटर. लग्नाच्या हॉलला ठीक, २० लिटरच्या खोक्यात बास नाही. दुसरी कारची: ४ ओहम, क्यूटीएस बहुधा ०.६ च्या वर, कारण तो दरवाजाच्या पोकळीसाठी बनवलेला असतो. तिसरी होम थिएटरच्या सुट्या भागांची, ज्यावर "५०० वॅट पीएमपीओ" छापलेलं असतं आणि बाकी काहीच नाही. यातला एखादा ड्रायव्हर चांगला निघूही शकतो, पण मोजल्याशिवाय कळत नाही, आणि दुकानदार सहसा मोजू देत नाही.

परदेशी मालात इंडोनेशियात बनणारे एसबी अकूस्टिक्स, अमेरिकेचे डेटन ऑडिओ, नॉर्वेचे सीआस आणि डेन्मार्कचे स्कॅन-स्पीक यांची डेटाशीट पूर्ण आणि बऱ्यापैकी विश्वासार्ह असतात. नावातच पुष्कळ माहिती दडलेली असते. आरएस१८०-८ मध्ये १८० हा फ्रेमचा अंदाजे व्यास आणि ८ हे ओहम, एसबी१७ ने सुरू होणारे साधारण १७ सेंटिमीटरचे. बजेट वाटताना कस्टम्स आणि कुरिअर धरून मिडवूफरवर एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा पुरे. क्रॉसओव्हरच्या चांगल्या कॉइल आणि पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर मिडवूफरच्या जवळपास खर्च मागतात, हे बरेच जण विसरतात.

ड्रायव्हर हातात आल्यावर

जोडी एकदम मागवा, एकाच लॉटची. उत्पादन सरकतं आणि मोठ्या नावांचंही सरकतं. बीबीसीच्या एलएस३/५ए या छोट्या मॉनिटरमध्ये केईएफचा बी११० मिडवूफर होता. वर्षांगणिक त्याचे गुण मूळ मापापासून इतके हलले की १९८७ च्या सुमारास क्रॉसओव्हरच नव्याने आखावा लागला. १५ ओहमचा एलएस३/५ए ११ ओहमचा झाला तो तेव्हा.

आधी साधी तपासणी. कोनच्या दोन बाजूंना बोटं ठेवून सावकाश, समान दाबाने आत ढकला. घासल्याचा खरखर आवाज आला तर कॉइल तिरकी बसली आहे, परत पाठवा. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा: धन टोक लाल टर्मिनलला लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे, दोन्ही ड्रायव्हरमध्ये. मग काही तास २०-२५ हर्ट्झचा सूर, कोन निम्म्या मर्यादेपर्यंत हलेल इतक्या आवाजात, चालवून सस्पेन्शन मोकळं करा.

आता मोजणी. लॅपटॉप, यूएसबी साउंडकार्ड, १०० ओहमचा रेझिस्टर आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. आउटपुटमधून रेझिस्टर, पुढे ड्रायव्हर. रेझिस्टरच्या दोन्ही टोकांचे सिग्नल दोन इनपुटला. आधी १० ओहमचा रेझिस्टर लावून आकडा १० येतो का ते तपासा, नाहीतर पुढचं सगळं वाया. ड्रायव्हर उभा, घट्ट धरलेला, मॅग्नेटमागचं छिद्र मोकळं. टेबलावर पालथा टाकून मोजलेला एफएस खोटा असतो, आणि पंखा चालू असला तर रेषा थरथरते.

नमुन्यातल्या ड्रायव्हरची रेषा ३८ हर्ट्झला ६४ ओहमवर टोक गाठेल. ६४ भागिले ५.८ म्हणजे ११. त्याचं वर्गमूळ ३.३२, गुणिले ५.८ म्हणजे १९.३ ओहम. रेषा टोकाच्या दोन्ही बाजूंना १९.३ ला कुठे छेदते ते बघा: २५.८ आणि ५५.९ हर्ट्झ, फरक ३०.१. आता ३८ गुणिले ३.३२ भागिले ३०.१ म्हणजे ४.२, हा क्यूएमएस (यांत्रिक क्यू). त्याला ११ ने भागलं की क्यूटीएस ०.३८.

व्हीएएससाठी मुलांची खेळायची माती सोनाराच्या काट्यावर १० ग्रॅम मोजून डस्ट कॅपभोवती (कोनच्या मधल्या टोपीभोवती) समान चिकटवा. नाणी वापरू नका, मॅग्नेट ओढतो. एफएस ३८ वरून २८.९ ला उतरेल. ३८ भागिले २८.९, त्याचा वर्ग, वजा १, म्हणजे ०.७३. दहा ग्रॅमला त्याने भागा, हलणारं वस्तुमान १३.७ ग्रॅम. मग ३६ गुणिले एसडीचा वर्ग, भागिले एफएसचा वर्ग, भागिले हे वस्तुमान: साधारण २६ लिटर. बदल २०-३० टक्क्यांचा झाला पाहिजे. त्याहून कमी उतरला तर माती वाढवा.

मोजलेला एफएस डेटाशीटपेक्षा दहा-पंधरा टक्के वर निघाला तरी लगेच घाबरू नका. सस्पेन्शन कडक असेल तर एफएस आणि क्यूटीएस एकत्र वर जातात आणि व्हीएएस खाली येतो, आणि तिन्ही मिळून त्याच खोक्यात जवळपास तोच बास देतात. एफएस जागच्या जागी आणि क्यूटीएस मात्र बराच वर, असं असेल तर मोटरच अशक्त आहे. तो ड्रायव्हर परत करा. जोडीतला फरक क्रॉसओव्हरच्या पट्ट्यात १ डेसिबलच्या आत हवा.

हे आकडे विनआयएसडी या खोका आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भरून खोका नक्की करा आणि सुताराला फळी कापायला तेव्हाच सांगा, आधी नाही. भोकाचं माप ड्रायव्हर हातात घेऊनच द्या. १८ मिलिमीटरच्या फळीत बेतशीर गोल कापलं की ड्रायव्हरची मागची खिडकी बोगद्यात जाते आणि मध्य पट्टा कोंडतो. म्हणून भोकाची आतली कड स्क्रूच्या जागा सोडून ४५ अंशात तासून घ्या. एमडीएफमध्ये स्क्रू दोन-तीनदा काढले-लावले की भोक सैल होतं, आणि क्रॉसओव्हर जुळवताना ड्रायव्हर दहादा बाहेर येतो. सुरुवातीलाच मागून टी-नट आणि ४ मिलिमीटरचे मशीन स्क्रू.